राणीची हाक

जनवाड्याच्या अंकुशला नाटकात घेतलं ते त्याच्या बारीक आवाजापायी. अक्कल बघून कुणी घेतलं असतं? बीदरला मॅट्रिकच्या वर्गात होतो आम्ही, निजामाच्या राज्यात, शिकणं सगळं उर्दूत. पण रामाचार्य मास्तरांना हौस दांडगी. एक जुनं संस्कृत नाटक त्यांनी मराठीत उतरवलं आणि तालमी सुरू केल्या. मी, रेवणसिद्धप्पा, राजा झालो. अंकुश राणी. आपल्या वाक्यांची नक्कल त्यानं उर्दू अक्षरांत उतरवून घेतलेली, अन् दर ओळीला त्याचं आपलं एकच, "कामून?"

"राणी अनवाणी कामून?" "राजा पडला तर वैद्याला कामून न्हाई बोलवायलेत?" माझं डोकं उठायचं. मास्तर मात्र शांतपणे उत्तरं द्यायचे.

घोडं अडलं एका जागी. राजा मूर्च्छा येऊन पडतो. तो गेलाच असं समजून राणी त्याला नावानं हाक मारते. अंकुश ती हाक मारायचा हाजिरी घेतल्यागत. पोरं फिदीफिदी हसायची. आठ दिवसांनी मास्तर म्हणाले, "शनिवारी जमलं नाही तर राणी दुसरा कुणी." अंकुशचं तोंड एवढंसं झालं. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

आमची आठवड्याची सुट्टी शुक्रवारची, त्या दिवशी तो गावी गेला अन् भाकरी थापणाऱ्या आईला, राजूबाईला, त्यानं सरळ विचारलं, "माय, अप्पा गेले तवा तू काय म्हणून हाक मारलीस?" बाप जाऊन तीन वर्षं झालेली. असं कुणी आईला विचारतं का? पण हा विचारणारच.

राजूबाईचा हात थांबला. "नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, बाबा. ओठावर आलतं. पण भवताली माणसं बसलीती." मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "मारायला पायजे होती हाक." हे सगळं त्यानंच मला नंतर सांगितलं.

शनिवारी मी सतरंजीवर डोळे मिटून पडलो. हाक येईना. विसरला वाटतं बेटा, म्हणून मी एक डोळा किलकिला केला. त्याचे ओठ हलत होते. उपरण्याचा पदर तोंडाशी धरून तो भवताली बघायचा, कुणी ऐकायलंय का म्हणून, अन् परत माझ्यावर वाकायचा. मग त्यानं हाक मारली, अशी की माझ्या अंगावर काटा आला. पण नाव राजाचं नव्हतं. "भगवानराव" म्हणाला तो. त्याच्या बापाचं नाव.

मूर्च्छेतून उठायची माझी वेळ झाली, मला उठवेना.

अंकुशनं डोळे पुसले. "मास्तर, काम गेलं का माझं?"

"तुझंच आहे," मास्तर म्हणाले. "पण नाटकाला आई येणार असेल, तर राजाचंच नाव घे बाबा."

"न्हाई मास्तर," अंकुश म्हणाला. "तिलाच ऐकवायचंय."