आवाजाला पोट नाही

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत त्याला सगळे खुट्टराव म्हणत. कुठे जरा खुट्ट झालं की याचे कान टवकारलेच. बाकीचे मिस्त्री वर मशीनच्या खोलीत चढून टॉर्च मारत बसायचे, हा लिफ्टच्या दाराला कान लावायचा आणि सांगून मोकळा व्हायचा, "डावीकडचं चाक गेलंय." चाक गेलेलंच असायचं. घरातला पंखा कुरकुरणार हे पंख्याच्या आधी याला कळायचं. त्यामुळे घरातही त्याचा कान म्हणजे शेवटचा शब्द होऊन बसला होता.

म्हणून तर लेकीने आपलं गाणं सगळ्यात आधी त्यालाच ऐकवलं. ती दुसऱ्या शहरात भाड्याच्या खोलीत राहायची. एक नाटकमंडळी गाणाऱ्या मुलीच्या शोधात होती, महिनाअखेरीपर्यंत रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. तिने भिंतींना गाद्या टेकवून खोलीतच गाणं रेकॉर्ड केलं, पेनड्राइव्हवर घेतलं आणि घरी आली. शेजारी फरशा फोडण्याचं काम जोरात चाललेलं, म्हणून बापलेक गाडीत जाऊन बसले आणि काचा वर केल्या. गाणं संपल्यावर लेक त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि हा पठ्ठ्या, बिघडलेल्या लिफ्टबद्दल सांगावं तसं बोलून गेला, "सूर पक्का आहे. पण आवाजाला पोट नाही तुझ्या. पोकळ लागतो."

लेक नुसतं "बरं" म्हणाली. पेनड्राइव्ह गाडीतच राहिला आणि ती संध्याकाळच्या बसने निघून गेली. त्यानंतर तिचा फोन यायचा तो आईला.

"पाठवत नाही म्हणते," बायकोने एके दिवशी सांगितलं. "बाबाचा कान चुकत नाही, म्हणते."

तेव्हापासून याच्या जिवाला चैन नाही. कान चुकला नव्हता, ऐकलं ते पोकळच होतं. मग पोकळ कोण, पोरीचा आवाज की गाडीच्या कंपनीने बसवून दिलेलं ते स्टीरिओचं डबडं? एरवी गाडीत तो इंजिनच ऐकायचा, गाणं कधी लावलंच नव्हतं. घरात पेनड्राइव्ह लावायला दुसरं काही नव्हतं, आणि परक्याच्या दिवाणखान्यात बसून लेकीचा आवाज तपासणं याच्याने झालं नसतं. दोष डबड्याचाच निघू दे, असं तो मनातल्या मनात घोकत राहिला.

कार स्टीरिओच्या दुकानदाराने त्याची नस ओळखली. "साहेब, कंपनीचे स्पीकर म्हणजे नुसता कागद. बदलून टाका, गाडी गायला लागेल." याने स्पीकर आणले आणि स्वतःच दारांची पॅनलं उघडून बसवले, कारण दुसऱ्याच्या हातावर त्याचा विश्वास नव्हता. गाणं लावलं. पोकळ. मग पत्रा थरथरत असेल म्हणून दारांना आतून जाड शीट चिकटवलं. पोकळ. जेवताना उठून गाडीत, आंघोळीआधी टॉवेल खांद्यावर टाकून गाडीत, रजा काढून गाडीत. शेवटी डावीकडची पुढची सीट उपसून बाहेर ठेवली आणि तिच्याखाली अॅम्प्लिफायर बसवायला घेतला.

"अहो, तिला एक फोन करा ना त्यापेक्षा," बायको म्हणाली.

"काय सांगू तिला? अजून मलाच कळलेलं नाही!" तो खेकसला.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. अॅम्प्लिफायर लागला, आवाज चौपट झाला, पोकळपणाही चौपट झाला. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. म्हणजे पोरीचाच आवाज, दुसरं काय. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. सीट नव्हतीच, म्हणून ती खाली पायपुसण्यावर बसली आणि दाराला डोकं टेकवून ऐकू लागली.

"किती गोड आणि भरून येतोय हो आवाज," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता तरी काय?"

त्याने तिला उठवलं आणि तिथे स्वतः कान लावला. भरलेला आवाज! धावत जाऊन उजव्या दाराला कान लावला. तिथेही भरलेला. मध्ये येऊन बसला, तर पोकळ. जन्मभर परक्यांच्या दारांना कान लावत आला, स्वतःच्या गाडीच्या दाराला लावायचं सुचलं नाही. दोन्ही स्पीकर धड होते, पण एक पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता, आणि मधोमध पोरीचा आवाज दोघांत मरत होता. एका दारात वायर उलटी होती.

कुठे ते त्याला लगेच आठवलं. मागे काच वर-खाली करणारी मोटर बदलताना उजव्या दारातल्या वायरी त्यानेच तोडून जोडल्या होत्या. वर अशी झकास टेप गुंडाळली होती की नवे स्पीकर बसवतानाही त्या जोडाला त्याने हात लावला नाही. चालू जोड उचकटायचा नाही, हा त्याच्या धंद्यातला नियम. आता त्याने टेप फाडली. आत हिरवी पांढरीला जोडलेली, पांढरी हिरवीला. सरळ जोडून गाणं लावलं आणि तो मधोमध बसून ढसाढसा रडला.

मग फोन लावला. "अगं, पाठव ते गाणं. आजच पाठव. आवाज उत्तम आहे तुझा. वायर उलटी होती, मीच जोडलेली."

"पुसलं मी ते, बाबा," ती म्हणाली. " आणि मला बरं वाटावं म्हणून आता खोटं बोलू नकोस."

"खोटं नाही गं!"

"तेव्हा खरं बोलला होतास ना? मग झालं."

त्याने फोन ठेवला आणि लेकीच्या शहराकडे गाडी काढली. सीट अंगणातच राहिली, बायको मागे बसली, आणि वाटेत पेनड्राइव्हला त्याने हातही लावला नाही.

लेक खाली आली ती चेहरा पाडूनच. त्याने तिला आपल्या सीटवर बसवलं, गाणं सुरू केलं, काचा वर केल्या आणि दार लावून तो बाहेर उभा राहिला. बायकोही उतरली. काचेतून ऐकू काहीच येत नव्हतं, नुसती लेक दिसत होती, समोर बघत बसलेली. गाणं बराच वेळ चाललं असावं. मग तिचा हात स्टीरिओकडे गेला. आता बंद करते, असं त्याला वाटलं. तिने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.