दिव्याभोवतीची कडी

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. माझ्या बायकोला, सुमनलाही नाही. आणि डोळे तर तिचे गेले.

"ग्लॉकोमा. आपण काचबिंदू म्हणतो," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यातलं पाणी तुंबतं, दाब वाढतो, मागची नस सुकत जाते. उजवा गेलाय. डावा राखू या." मग माझ्याकडे वळले. "दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची का यांना?"

मी होकारार्थी मान हलवली. त्या कड्यांची चित्रं आमच्या भिंतीवर होती.

सुमन डोंगरातल्या पेठ गावी शिक्षिका होती. आमचं पहिलं मूल तिथंच गेलं. नाशिकला आल्यावर ती पेठचे डोंगर रंगवायला लागली, पण डोंगर म्हणून ओळखू न येणारे. नुसता जांभळा, राखी, मध्येच एक ओली हिरवी रेघ. शेजारच्या काकू विचारायच्या, "सुमन, उलटं टांगलंस का गं हे?" ती म्हणायची, "तुम्हीच फिरवून बघा, कुठून बरं वाटतं." मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचो. असं आपल्या हातून होणार नाही, हे मला कळत होतं.

आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यात ती म्हणाली, "अहो, बल्बभोवती इंद्रधनुष्यासारखं काहीतरी दिसतं. डोकंही ठणकतं. डोळे दाखवू या का?"

तोवर ती कडी तिच्या कॅनव्हासवर आली होती. काळ्या उतारावर रंगांची वलयं. तसं मी कधी पाहिलं नव्हतं. मुंबईच्या प्रदर्शनाला चित्रं पाठवायची होती. औषधानं कडी गेली तर, असं माझ्या मनात आलं. दोन दिवसांनी म्हणालो, "ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. अशक्तपणा आहे म्हणाले. गूळ-शेंगदाणे खा."

मी कोणालाही विचारलं नव्हतं.

चित्रांचं फार कौतुक झालं. उन्हाळ्यात एका दुपारी तिचा उजवा डोळा लालभडक झाला, उलट्या थांबेनात. रिक्षात ती माझा हात धरून बसली होती. दुसऱ्या डोळ्याची इरिडेक्टमी झाली, म्हणजे बुबुळाच्या पडद्याला बारीक छिद्र पाडून पाण्याला वाट करून देतात. मी बाहेर बाकावर बसून होतो. कोणी धीर द्यायला आलं की मला उठून जावंसं वाटायचं.

तुमच्या घरात कोणी दिव्याभोवती कडी दिसतात म्हणालं, तर लगेच डोळे दाखवा. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही.

डाव्या डोळ्यानं तिला नळीतून पाहावं तसं दिसतं. कॅनव्हासला नाक लावून ती अजून रंगवते. ट्यूब कुठल्या रंगाची ते मला विचारते. परवा ब्रश धुता धुता म्हणाली, "अहो, तुमचे ते डॉक्टर आहेत का हो अजून नाशकात? एकदा भेटून येऊ. न तपासता ते तरी काय सांगणार? उगाच मनाला लावून घेतलं असेल बिचाऱ्यांनी."

"बदली झाली त्यांची," मी म्हणालो.

असा डॉक्टर कधी नव्हताच. एवढं तिला सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.