ठाणेदारणीची दुसरी तपासणी

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या हंगामात वजनकाट्यावर सदाशिवराव गावंडे बसतात. आवाज असा, की ते ‘गाडी मांगं घे!’ म्हणाले की ज्याच्याकडे गाडीच नाही तोही दोन पावलं मागं सरकतो. मिशा काट्यावर वेगळ्या तोलाव्यात अशा. हा माणूस सुईला भितो, पालीला भितो, बायकोला भितो हे तर सांगायलाच नको. पण यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी ते जसे घाबरले, तसे मी शेजारी असून कधी पाहिले नव्हते.

सकाळीच कुंपणावरून हाक आली. “भाऊ, लवकर या ना. ठाणेदारीन कशीतरीच करून राह्यली!”

ठाणेदारीण म्हणजे त्यांची मांजर. गोठ्यातल्या उंदरांवर तिचा वचक, म्हणून हे नाव. ती गव्हाणीखाली आडवी पडली होती. कातडं आपोआप थरथरत होतं, कान फडफडत होते, तोंडातून लाळेची तार लोंबत होती. सदाशिवरावांनी उचलायला हात घातला, तर तिनं अंगठ्यात दात रुतवले. जिनं आजवर त्यांच्या मांडीशिवाय दुसरं आसन मानलं नाही, तिनं!

पोत्यात गुंडाळून तिला टोपल्यात घातली आणि गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली. तिथं पोळ्यामुळे बैलांची गर्दी. त्यांनी लांबूनच टोपल्यात डोकावलं.

“काय खाल्लं हिनं?”

“दूध-पोळी.”

“चावली कोणाला?”

सदाशिवरावांनी अंगठा दाखवला. डॉक्टर मागं सरकले.

“पिसाळल्यासारखं वाटतं. खात्रीनं नाही सांगत, पण कोंडून ठेवा, जवळ जाऊ नका. वाचणं कठीण आहे. आणि तुम्ही आधी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्या.”

इंजेक्शन घेऊन निघाल्यावर सदाशिवराव वाटेतल्या प्रत्येक हॉटेलात शिरून पाणी मागू लागले. एका ठिकाणी मी विचारलं, “एवढी तहान?”

“तहान नाई हो. पिसाळलेला मानूस पान्याले भेतो म्हंते. मले भेव वाटून राह्यलं काय, ते पाहून घेतो.” आणि ग्लासाकडे ते असे टक लावून बघत, की ग्लासच घाबरावा.

घरी त्यांच्या पत्नी विमलताई अंगणातच उभ्या होत्या.

“कोंडून ठेवाचं अन् मराची वाट पाहाची? यवतमाळले न्या. दुसऱ्या डॉक्टरले दाखवा.”

“अव, चावली ना मले!”

“तुमी लग्न झाल्यापासून माह्यावर वसकून राह्यले. म्या कोंडलं काय तुमाले?”

सदाशिवराव दोरी शोधायला गोठ्यात गेले. टोपल्यावर टोपलं दोरीनं बांधून आम्ही यवतमाळची एसटी धरली.

टोपलं त्यांच्या मांडीवर होतं आणि हात मात्र अधांतरी. टोपल्याला धरावं तर दात, सोडावं तर खड्डे. गाडी हलत होती, त्यामुळे टोपलं आचक्यानं हलतंय की रस्त्यानं, काही कळत नव्हतं. गाडी थांबल्यावरही टोपलं थरथरत राहिलं, की त्यांचा चेहरा पांढरा व्हायचा. दारव्ह्याला गाडी थांबली आणि टोपलंही थांबलं. तेव्हा चेहरा आणखी पांढरा झाला.

“भाऊ, तुमी पाहा. माह्याच्यानं होत नाई.”

मी फटीतून पाहिलं. पोट वरखाली होत होतं. तसं सांगितल्यावर त्यांनी श्वास सोडला.

यवतमाळच्या डॉक्टर निकिता वयानं त्यांच्या मुलीसारख्या. हातमोजे घालून त्यांनी मांजर टेबलावर घेतली, ताप पाहिला, मानेमागचे केस वर केले आणि वाकून वास घेतला.

“काका, हिच्या अंगाला काय लावलंय?”

“काईच नाई.”

“गोचिडाच्या औषधाचा वास येतोय.”

 सदाशिवरावांचा काट्यावरचा तो आवाज कुठल्या कुठे गेला आणि हळूहळू हकिगत बाहेर आली. आदल्या दिवशी पोळ्यासाठी बैल धुतले, गोचीड मारायचं औषध लावलं. बादलीच्या तळाशी थोडं उरलं होतं.

“हे बी खाजवून राह्यली होती. म्हटलं, सनाचं सारं घर नवं होते, इले कायले सोडा? त्याच फडक्यानं पुसून काढली. बैलाईले तं काई नाई झालं, बाई.”

“बैलाला चालतं ते मांजरीला विष होतं. त्यात तिनं अंग चाटलं.”

“त्या डॉक्टरले मी सांगतलंच नाई. त्यायनं खाल्ल्याचं पुसलं, म्या खाल्ल्याचं सांगतलं. म्हंजे म्याच...”

“हे सगळं त्या औषधाचंच असावं. पण चावली आहे, तेव्हा तुमची इंजेक्शनं सोडायची नाहीत. आता हिला धुवायचं. धरता?”

धरली त्यांनी. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. ती फिस्कारत होती, दात दाखवत होती, पण मोज्यांतले ते भले मोठे हात सुटले नाहीत. मग आचके थांबवणारं इंजेक्शन, सलाईन. “सकाळपर्यंत इथेच ठेवू,” डॉक्टर म्हणाल्या. “वाचेल असं आत्ता नाही सांगू शकत.”

दिवेलागणीला विमलताईंचा फोन आला. खांदशेकणीची वेळ झाली होती. बैलांच्या खांद्यांना लावायला हळद-तूप तयार, शेजारचा श्रावण चोळायला हजर. पण उद्याच्या जेवणाचं आवतन बैलांना मालकानंच द्यायचं असतं.

“बैलाच्या कानाले फोन लाव,” सदाशिवराव म्हणाले. पिंजऱ्यात ठाणेदारीण पुन्हा थरथरली. तिच्यावरची नजर न काढता ते फोनमध्ये बोलले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. अन् उद्या मी नसलो तं राग नोका मानू, बाप्पा. पोरगी अडमिट हाये.”

दुसऱ्या कानासाठी तेच पुन्हा म्हणावं लागलं. बैल दोन होते.

सकाळी ठाणेदारीण उभी राहिली, झोकांडली, पुन्हा उभी राहिली आणि जाळीपाशी आली. सदाशिवरावांनी हात पुढं केला. अर्ध्यावरच थांबवला. उठून बेसिनवर गेले आणि कोपरापर्यंत साबण लावून धूत राहिले, धूतच राहिले. शेवटी डॉक्टरच म्हणाल्या, “काका, पुरे. लावा आता हात.”