उभ्या पिकात मोकळं सोडणाऱ्या शमीम मॅडम

शमीम मॅडमना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांच्या गौरवाच्या पुस्तकात तुम्हा शिकल्या-सवरल्या मंडळींच्या रांगेत मलाही पाट मांडला, याचा आनंद झाला. मी चौथीपर्यंत शिकले. नात पूनम म्हणाली, "आजी, जशी बोलतेस तशीच लिही, शुद्धलेखन मी पाहते." म्हणून धीर केला.

मॅडमची अन् माझी पहिली भेट त्यांच्या ग्रंथालयात झाली. पूनम अमरावतीला एम. ए. करत होती. मी बार्शीटाकळीकडच्या आमच्या गावाहून तिच्यासाठी तुरीच्या शेंगा घेऊन गेले होते. खोलीवर कुलूप, म्हणून शेंगांची पिशवी घेऊन थेट कॉलेजात. वाटलं, शिपाई हाकलेल. तर समोरून चष्मा डोक्यावर सरकवलेल्या एक बाई आल्या, स्वतःची खुर्ची मला दिली अन् म्हणाल्या, "बसा मावशी. कोणाच्या आजी तुम्ही? अन् गाव कोणतं?" गावाचं नाव सांगितलं, तर कॉम्प्युटरवर काहीतरी टिपटिप केलं अन् इंग्रजांच्या काळातल्या पुस्तकाचं एक पिवळं पान उघडलं. पूनम आली तेव्हा तिनं वाचून दाखवलं. त्यात आमच्या गावाचं नाव, गावची विहीर, गावचा बाजार! आमच्या गावाला अजून धड एस. टी. येत नाही, अन् ते त्या डब्यात आधीच जाऊन बसलेलं.

मी विचारलं, "हे पाहाले काय लागते?"

"पाहाची इच्छा लागते, मावशी. बाकी सारं खुलं हाय."

तेव्हा मला समजलं की जगभरातली जुनी पुस्तकं, फोटो, मोठमोठ्या लोकांचे प्रबंध असे कितीतरी कोणीही वाचावे म्हणून ठेवलेले असतात. फक्त कुठं ठेवलेत ते ठाऊक पाहिजे. मॅडमना ते ठाऊक. आमच्या घरात कोणता डबा कुठं हे जसं मला ठाऊक, तसं. पूनम दर रविवारी घरी यायची, अन् गावात नेटवर्क नाही म्हणून गच्चीवर टाकीजवळ उभी राहायची. मॅडमना कळलं, तेव्हापासून दर शनिवारी तिला लागणारी पानं त्या पेन ड्राइव्हमध्ये भरून देऊ लागल्या. तेल्हाऱ्याच्या दोन पोरी होत्या, चिखलदऱ्याकडचा एक मुलगा होता, त्यांनाही तसंच. पण एक अट होती. प्रत्येकानं वही ठेवायची. जे घेतलं ते कुठून घेतलं, कोणाचं, कोणतं पान, कोणत्या दिवशी पाहिलं, सारं लिहायचं. वही नाही तर पेन ड्राइव्ह नाही. मला हे फार पटलं. मी लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी लावते, तर आमच्या सूनबाई हसायच्या. आता हसत नाहीत.

मॅडम एकदा आमच्याकडे रोडगे खायलाही आल्या होत्या. शेतात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी. "मावशी, हे भाजी हाय का बदला?" म्हणाल्या, अन् पुन्हा वाढून घेतली. पण मला सांगायचं आहे ते वेगळंच.

पूनमचा प्रबंध होता वऱ्हाडातल्या जुन्या शेती अवजारांवर. परवावर जमा करायचा दिवस आला, अन् ती छापलेले कागद घेऊन घरी आली, मला दाखवायला. एका पानावर कॉम्प्युटरवरच्या एका खुल्या संग्रहातून घेतलेला जुना फोटो. बैलजोडी समोरून येते आहे, मागं माणूस, अवजार अर्धंअधिक झाकलेलं. खाली लिहिलेलं, 'वखरणी'. पूनमनं त्यावरून पूर्ण एक प्रकरण लिहिलं होतं की जुन्या काळी आपल्याकडचा वखर आजच्यापेक्षा लहान होता.

मी म्हटलं, "पोरी, हा वखर नाही व."

"फोटोखाली लिहिलं हाय ना आजी."

"लिहू दे. बैलाच्या तोंडाले मुसकं काहून बांधलं मंग?"

"बांधत असतीन तवा."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पेरणीच्या आधी मोकळं रान वखरतात, म्हणजे रुंद पात्याचा वखर फिरवून माती मोकळी करतात. पीक उगवून वर आलं की त्याच्या ओळींमधून लहान डवरा फिरवून तण काढतात. तेव्हा बैलांनी पिकाला तोंड लावू नये म्हणून दोरीचं जाळीदार मुसकं बांधतात.

"वखरणीत रानात काय असते? ढेकळं. बैल ढेकळं खाते काय? हा डवरा हाय. म्हणून लहान दिसून राहिला."

पूनमचा चेहरा उतरला. "आजी, परवा जमा करा लागते. मोठमोठ्या लोकायनं ठेवलं हाय थे."

"त्या मोठ्या लोकायनं बैल हाकले काय कधी?"

ती रडायला लागली. मलाच वाईट वाटलं. पोरीचे वर्षाचे कष्ट, अन् मी आयत्या वेळी माती कालवली. खरं सांगते, मनात आलं की गप्प बसावं. शेतात मी पन्नास वर्षं राबले, पण कोणतं बी पेरायचं हेही घरात मला कोणी विचारलं नव्हतं. माझ्या बोलण्यावर शाळेतलं प्रकरण कोण बदलणार?

पूनमनं मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "उद्या आजीले घेऊन ये."

सकाळच्या गाडीनं गेलो. मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "मावशी, तुम्ही म्हणता म्हणून बदलाचं नाही, अन् फोटोखाली लिहिलं म्हणून ठेवाचंही नाही. पाहू." मला राग नाही आला. उलट बरं वाटलं. आजवर माझं बोलणं लोकांनी ऐकलं तरी होतं किंवा टाकलं तरी होतं, तपासलं कोणीच नव्हतं.

त्यांनी तो फोटो त्या संग्रहातून पुन्हा काढला, या वेळी मोठा. पूर्ण पडदाभर. बैलांच्या पायाशी बारीक काळे ठिपके दिसले.

"ढेकळं असतीन," पूनम हळूच म्हणाली.

मी पडद्यावर बोट ठेवलं. "ढेकळं ओळीत बसत नाहीत व बाई."

मॅडम हसल्या नाहीत. चष्मा डोळ्यांवर घेतला, एक ओळ मोजली, दुसरी मोजली. मग एका खुल्या संग्रहातून शेतकीचा जुना अहवाल शोधून काढला. त्यात सरळ लिहिलेलं होतं की डवरणीच्या वेळी बैलांना मुसकी बांधतात. तेव्हा कुठं म्हणाल्या, "पूनम, प्रकरण बदल. अन् खाली आजीचं नाव लिही. गावासकट." पूनम दिवसभर तिथंच बसून लिहीत राहिली, मॅडमनी स्वतःच्या डब्यातलं तिला जेवू घातलं. प्रबंध वेळेवर जमा झाला. परीक्षकांनी तेच प्रकरण वाखाणलं.

इथं दुसरं कोणी असतं तर विषय संपला असता. मॅडमनी त्या संग्रहवाल्यांना पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. उत्तर नाही. मी म्हटलं, "जाऊ द्या ना मॅडम, पोरीचं काम झालं."

"मावशी, तुमच्या गावची विहीर साऱ्यांची हाय ना? मंग तिच्यात काही पडलं तर आपला हंडा भरून घरी जाता, का काढता?"

त्यांनी तिसरं पत्र लिहिलं, अहवालाचं पान जोडून.

चार महिन्यांनी मॅडमचा फोन आला. मी अंगणात कुरडया वाळत घालत होते. त्या वाचत होत्या: "'डवरणी. बैलांना मुसकी बांधलेली आहेत. माहिती, कौसल्याबाई', अन् पुढं तुमचं गाव." मी म्हटलं, "पुन्हा वाचा." त्यांनी पुन्हा वाचलं. तोवर कावळ्यानं दोन कुरडया नेल्या. नेऊ दिल्या.

मॅडम आता निवृत्त होतात. तुम्ही विद्वान मंडळी त्यांच्या कामाची मोजदाद नीट कराल. मला एवढंच दिसतं. उभ्या पिकात बैल सोडायचे तर आम्ही त्यांची तोंडं बांधतो. मॅडमनी गरिबाघरची इतकी लेकरं उभ्या पिकात नेली, अन् एकाच्याही तोंडाला मुसकं बांधलं नाही. म्हणाल्या, पोटभर खा, फक्त कुठं खाल्लं ते वहीत लिहा, अन् कुठं कीड दिसली तर सांगा.

मॅडम, तुमचे डोळे अन् गुडघे शाबूत राहोत. गुडघ्यांना लावायला तेल पाठवते आहे, बाटलीवर चिठ्ठी आहे. शंभरी गाठा. आता शनिवार मोकळे झाले, तर रोडग्यांना या. भाजी तितकीच तिखट राहील. अन् येताना तो कॉम्प्युटर आणा. आणखी दोन फोटो आहेत म्हणे त्या संग्रहात, पूनम सांगत होती. मला पाहायचे आहेत.