धरणावरचा समुद्र

माझ्या साडूनं समुद्र पाहिला आणि झोप माझी उडाली. गडी सहकुटुंब कोकणात गेला होता आणि रोज सकाळी सासुरवाडीच्या ग्रुपवर फोटो टाकत होता. साडू लाटेत, साडू वाळूत, साडू नारळासकट. मी निमूट अंगठे टाकत राहिलो. शेवटच्या फोटोखाली त्यानं लिहिलं, ‘साडूभाऊ, तुमची गाडी ढोकीच्या बाजाराच्या पुढं कधी जाणार?’ त्यावर सासरेबुवांनी हसरं तोंड टाकलं. सासरेबुवांचं एक वेळ सोडा, माझ्या बायकोनंही टाकलं.

त्या तोंडाचा सूड घ्यायचा, हे मी चहा गार होईपर्यंत ठरवलं.

उसाला तोड आलेली, कोकण काही जमणार नव्हतं. पण जवळच तेर गावचं धरण होतं की! पलीकडचा काठ चुकवून फोटो काढला, तर पाण्यावर थोडंच लिहिलेलं असतं ते कुठलं आहे म्हणून? सकाळी बायकोला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि काठावर जाऊन उभा राहिलो.

“लाटा कुठंयत?” तिनं विचारलं.

“ओहोटी हाय म्हणायचं. तू काढ.”

“अन् ह्या म्हशी?”

“पुसतो की घरी जाऊन.”

दुपारभर मी ओसरीत मोबाईल घेऊन बसलो. म्हशी पुसल्या. शेतकऱ्यांचे मोटारीचे पाईप पुसले. काळ्या गाळाची वाळू करायला पिवळा रंग चढवला, तर मला कावीळ झाल्यासारखी दिसायला लागली. मग तोंड वेगळं उजळलं. पाणी इतकं निळं केलं की बायको म्हणाली, “नीळ घातली का काय धरणात?” तरी टाकला फोटो. ‘अचानक ठरलं. दर्याकिनारी.’

सासूबाईंचा लगेच निरोप, ‘लई आत जाऊ नका.’ मी उताणा पडून छताकडं बघत हसलो.

ते हसू साडूचं उत्तर येईपर्यंत टिकलं. त्यानं माझाच फोटो परत पाठवला होता. माझ्या गळ्याभोवती लाल गोल, डोक्याभोवती दुसरा. ‘साडूभाऊ, समुद्रावर मफलर आन् कानटोपी? आम्ही तर तिथं बनियनवर घामानं भिजत होतो.’

आता हे मला कोण सांगणार? आमच्याकडं हिवाळ्यात सकाळी दात वाजतात. समुद्रावर वारं असतं, म्हणजे थंडी जास्तच असणार, असा माझा हिशोब. फोटो खरा वाटावा म्हणून तर मफलर मुद्दाम गुंडाळला होता! खाली सासरेबुवांनी विचारलं होतं, ‘जावईबापू, धरणात पाणी किती हाय?’

त्यानंतर मी साडूचे सगळे फोटो बोटांनी ताणून ताणून पाहिले. दुपारभराच्या खाडाखोडीनं मला एक नजर आली होती, ती कामाला लावली. लाटेतल्या फोटोत सापडलं. साडूच्या मागची समुद्राची रेघ डावीकडून सरळ येत होती, त्याच्या कमरेशी आली की आत वाकत होती, आणि पलीकडं पुन्हा सरळ. गड्यानं पोट बारीक करताना समुद्रही आत ओढला होता.

ग्रुपवर टाकायला बोट शिवशिवलं. नाही टाकला. सगळ्यांना शेतावर हुरड्याला बोलावलं.

आगटीभोवती सासुरवाडी बसली, साडू खाकरून कोकणाच्या गोष्टी सांगू लागला, तेव्हा मी मोबाईल सासरेबुवांपुढं धरला. “मामा, जरा बघा. इथं समुद्र का वाकलाय?”

त्यांनी फोटो पाहिला. मग समोर बसलेला साडू पाहिला. मोबाईल सासूबाईंकडं गेला.

“अगं बया,” त्या म्हणाल्या, “समुद्र बी भ्याला की ह्यांच्या पोटाला!”

माझी बायको सगळ्यात मोठ्यानं हसली. ते एक हसू मी वसूल धरलं.

पण तेवढ्यावर सोडणारा मी नव्हे. निघताना म्हणालो, “चला, सगळ्यांचा फोटो. साडूभाऊ, तुम्ही मधी. पोट आत घ्या, म्हणजे मला मागचा ऊस वाकवावा लागणार न्हाय.”

त्यानं श्वास ओढून पोट आत घेतलं. मी गळ्यातला मफलर नीट केला. मोबाईल आडवा धरला, उभा धरला, काच पुसली.

“थांबा हं,” मी म्हणालो, “उजेड जुळवतो.”

साडू लाल होत चालला होता.