हात पोचत नाही तिथं

उमापूरजवळच्या शाळेवर रुजू झाले तेव्हा माझ्या दोन्ही कोपरांवर चट्टे होते. लालसर, वर पांढरा कोंडा धरलेले. एक पट्टा केसांत, कपाळाच्या कडेनं. आणि एक चट्टा पाठीवर, बरोबर मधोमध. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, “सोरायसिस आहे, पण सौम्य. कुणाला लागत नाही. समूळ जाईल असं म्हणणार नाही, पण आटोक्यात ठेवता येतं.” घाटनांदूरला घरी होते तोवर ते आटोक्यात ठेवायचं काम आईनं केलं. नोकरी लागली आणि पाठ माझी मलाच सांभाळायची वेळ आली.

उमापूरला आमच्याच शाळेतल्या एक मॅडम आणि मी, अशा दोघींनी मिळून खोली घेतली. त्या माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, माजलगावकडच्या. आईवडील दरसाल ऊसतोडीला जायचे, त्यामुळं त्यांचं निम्मं लहानपण फडावरच्या पाचटाच्या कोपीत गेलेलं. नवरा सांगली जिल्ह्यात शिक्षक होता. बदलीसाठी त्या चार वर्षं अर्ज करत होत्या.

सुरुवातीला मी उकाड्यातही लांब बाह्यांचं ब्लाउज घालत होते. टॉवेल, साबण, कंगवा, सगळं पिशवीत बांधून ठेवायचे. त्याला कारण होतं. डी. एड.ला असताना वसतिगृहात एका मुलीनं तिची बादली माझ्या बादलीपासून लांब नेऊन ठेवली होती. आम्ही बौद्ध. तिनं बादली चट्ट्यांमुळं हलवली की आडनावामुळं, हे मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. तेव्हापासून आधीच लांब राहायची सवय लागली.

एका सकाळी मी चमच्याच्या दांड्याला कापूस बांधून पाठीला मलम लावायची खटपट करत होते. मॅडम नळावरून पाणी घेऊन आत आल्या.

“कावून एवढी कसरत चाललीय?”

मी घाईघाईनं पदर ओढला. “काही नाही. पाठीला मलम लावत होते.”

“दाव.”

“लागट नाही हे,” मी म्हणाले.

“मी इचारलं का?” त्यांनी कळशी खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि ट्यूब माझ्या हातातून काढून घेतली. “माझे हात खरबुडे हायेत, पाचट वढलेले. दुखलं तर सांग.”

हात खरबुडाच होता, आणि पाण्यानं गार पडलेला. चट्ट्याच्या कडेकडेनं, न घासता, त्यांनी मलम जिरवलं. माझं तोंड भिंतीकडं होतं ते बरं झालं. त्या दिवसापासून मी त्यांना मॅडम म्हणायचं सोडलं. अक्का म्हणायला लागले.

मग रोजचंच झालं. कोमट पाण्यानं आंघोळ, अंग नुसतं टिपायचं, ओल आहे तोवर व्हॅसलीन लावायचं. जाड चट्ट्यांना खपली मऊ करणारं मलम. आठवड्यातून दोनदा डांबराच्या वासाचा शाम्पू. तो वास खोलीभर सुटला की अक्का म्हणायची, “रस्ता करायलेत का काय आपल्या खोलीत?” सकाळी गच्चीवर कोवळ्या उन्हात मी बाह्या वर करून बसायचे. ती शेजारी बसून वह्या तपासायची.

चुकाही झाल्या. कुणी सांगितलं म्हणून लिंबू आणि हळद लावली आणि कोपर दोन दिवस भाजल्यासारखं झालं. एकदा औषधाच्या दुकानातून न विचारता एक ट्यूब आणली. आठ दिवसांत चट्टे गुळगुळीत. मी हरखले. ट्यूब संपली तसे दुपटीनं उठले. डॉक्टर म्हणाले, ही स्टिरॉइडची, आपल्या मनानं लावायची नसते. येताना एसटीत अक्का रिकाम्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचत बसली. उतरताना एवढंच म्हणाली, “माझ्यासमोर वाचून मगच लावायचं.”

शाळेतल्या मदतनीस बाईंनी सांगितलं, कपिलधारच्या धबधब्याखाली आंघोळ केली की कातडीचे रोग जातात. मी हसले. अक्का म्हणाली, “जाऊ की. न्हाई गेलं तर दिवस तरी बरा जाईल.” श्रावणातल्या एका रविवारी गेलो. गर्दी होती. मला पाण्याखाली जायचा धीर होईना. मग तिनं कडेच्या दगडावर बसवून ओंजळीनं माझ्या कोपरांवर पाणी सोडलं, लोकांसमोर, पुन्हा पुन्हा. नंतर आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चट्टे होते तिथंच होते. पण त्या दिवसानंतर मी लांब बाह्या घातल्या नाहीत.

पुढच्या वर्षी बदल्यांची यादी आली. नवरा-बायकोला एका जिल्ह्यात आणायच्या नियमात तिचं नाव लागलं. ती मोबाइल धरून रडली आणि मीही रडले. दोघींचं रडणं एक नव्हतं, हे तिला कळलं असावं. टेम्पोत सामान चढलं तेव्हा ती म्हणाली, “हिवाळ्यात आळस करू नको. लई उलतंय अंग तुझं.”

आता मी लाकडी उलथन्याला मऊ फडकं बांधते. मलम नीट पोचतं. कातडीला कुणाचा हात ते कळत नसावं, तिला औषधाशी काम. मलाच कळतं. आंघोळीनंतर उलथनं हातात घेऊन मी कधी कधी उगीच थांबते, नळावरून कुणी येतंय का म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात पाठीचा चट्टा पार मिटला. दोन आरसे धरून खात्री केली आणि लगेच फोन लावला.

“गेला म्हणतीस?” अक्का म्हणाली. तिच्या मागं, तिकडं गेल्यावर झालेली तिची मुलगी काहीतरी मागत होती. “मग आता मी कशाला लागते तुला?”

ती हसत होती. मला हसता आलं नाही. म्हणाले, “खरंच गेला का ते तुम्हीच बघायला या.”

“येते की. सुट्टीत बघू.”

सुट्टी आली आणि गेली. तिच्या सासूचं ऑपरेशन निघालं.

या थंडीत चट्टा परत उठलाय, बोटभर. घाबरण्यासारखं काही नाही. व्हॅसलीन आहे, मलम आहे, सकाळचं ऊन आहे. अक्काला मात्र अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती म्हणेल, येते. आणि येणं तिला जमायचं नाही, हे मग आम्हा दोघींना फोनवर ऐकावं लागेल.