अक्का बेकु

अख्ख्या बंगळुरात रुसलेली डोकी वळणावर आणण्यात आमच्या मल्लेश्वरमच्या शेजारीणबाईंचा, अक्कांचा, हात धरणारं कुणी नव्हतं. पैजेवर सांगते, कारण त्यांतलं एक डोकं माझं होतं. अक्का तिथल्याच जुन्या मराठी घराण्यातल्या. एकाच वाटेनं चाललं की डोकं गंजतं, हे त्यांचं ठाम मत. म्हणून बाजाराला त्या रोज नव्या रस्त्यानं जात, आणि दहाला निघालेली भाजी दीडला घरी पोचे. सोमवारी वेणी डाव्या हातानं. ती वेणी बघून दूधवालासुद्धा वार ओळखायचा. पन्नाशीत सायकल शिकल्या, तीही नऊवारीत, अंगणातल्या फणसाला धडकत धडकत.

पंचावन्न-छप्पन्न साल असेल. मी सांगलीहून लग्न होऊन आलेली. पहिलं बाळ जन्मताच गेलं आणि माझं मन पार विझलं. त्याबरोबर आठवणही गेली हो! आमटीत मीठ दोनदा, दूध रोज उतू, कानडीचा तर एक शब्द टिकेना. डॉक्टर म्हणाले, उदासपणाचं दुखणं आहे, आणि टॉनिक दिलं. तेही घ्यायला विसरायचे. आता ही वेडी म्हणून मला माहेरी धाडणार, याच धास्तीत मी.

एकदा वाण्याकडे तांदूळ आणायला गेले. तांदळाला कानडीत अक्की. मी म्हटलं, "अक्का बेकु!" म्हणजे, मला थोरली बहीण हवी! दुकानभर हशा. माझे डोळे भरले, तोच मागून आवाज आला, "हवी ना? मग आले की!"

तेव्हापासून अक्का रोज पाच शब्द घेऊन हजर. मी पडून राहिले तर उशाशी बसून अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत विचारायच्या, "हे काय? ते काय?" मी रडायचे, "अक्का, डोकंच गेलंय माझं."

"गेलं नाही गं, रुसलंय. रोज स्वल्प काम दे त्याला. पाचातले दोन राहिले? सरी, बरोबर चाललंय! काल एकच होता."

वर्षभरानं बसवरची कानडी पाटी मी अख्खी वाचली, तेव्हा अक्कांनी कंडक्टरलाच ऐकवलं, "माझी शिष्या!" पुढे डॉक्टरही टॉनिक लिहून देताना हळूच सांगायचे, "आणि अक्कांना भेटा."

हल्ली शिकलेली माणसं सांगतात, काही शिकत राहिलं की मेंदू म्हातारपणीही नव्यानं घडतो. ऐकून माझी मान ताठ होते. आमच्या अक्कांना हे त्या फणसाखालीच कळलं होतं.

अक्का जाऊन किती वर्षं झाली. आता माझी कानडी चुकत नाही. तरी दुकानात मुद्दाम म्हणते, "अक्का बेकु." दुकानातला मुलगा हसतो, "अक्की, अज्जी, अक्की!" तो तांदूळ मोजेपर्यंत मी एकदा मागे वळून बघते.